बेसा की तुकडोजी पुतळा: नागपुरात 12 हजारांत किरायाचं घर

पुसदच्या एका भाऊंचा प्रश्न आला आहे. मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत त्यांना नोकरी लागली. वहिनी स्टाफ नर्स आहेत, मेडिकल चौकाजवळच्या रुग्णालयात तिन्ही पाळ्यांत ड्युटी करणार आहेत. सोबत आई आणि तीन वर्षांची मुलगी. किरायाला 12 हजारांच्या वर जाता येत नाही. दोन घरं त्यांनी पाहून ठेवली आहेत. एक बेसाला, नव्या अपार्टमेंटमध्ये चौथ्या म्हणजे शेवटच्या माळ्यावर, टू बीएचके, किराया 9,500. दुसरं तुकडोजी पुतळ्याच्या मागच्या गल्लीत. घरमालक काका-काकू खाली राहतात, वरचा माळा द्यायचा आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, किराया 11,500. बेसाचं घर नवं, मोठं आणि दोन हजारांनी स्वस्त, मग तेच घ्यावं ना, असं भाऊ विचारतात. शिवाय एकूणच नागपुरात परवडणारं घर शोधायचं कसं, हेही त्यांना हवं आहे.

मी मानेवाडा-अजनी पट्ट्यात बरीच वर्षं घरं किरायानं लावून देते आणि करारनामे करते. भाऊ, माझ्या हिशेबानं तुमच्या कुटुंबासाठी 9,500 चं घर जास्त महाग आहे. कागद घेऊन बसा, म्हणजे पटेल.

बेसाच्या अपार्टमेंटला मेंटेनन्स असणार. लिफ्ट, चौकीदार, जिन्यातले दिवे धरून महिन्याला हजार रुपये तरी धरा. नक्की आकडा मालकाला विचारा आणि तो किरायात आहे की वेगळा, हे आजच विचारा. वहिनींना मेडिकल चौकात यायला बेसाहून आठेक किलोमीटर पडतात, तुकडोजी पुतळ्याहून दोनेक. जाऊन-येऊन रोजचा बारा किलोमीटरचा फरक, महिन्याच्या 26 ड्युट्या धरल्या तर तीनशेच्या वर किलोमीटर. स्कूटरचं पेट्रोल सातशे रुपयांच्या घरात गेलं. बोअरचं पाणी प्यायला चालत नसेल तर आरओची कॅन एक दिवसाआड, म्हणजे आणखी चार-पाचशे. झाले की नाही 11,700? तुमचं स्वतःचं मिहानचं अंतर दोन्हीकडून फार वेगळं नाही, म्हणून ते धरलं नाही. आणि यात अजून उन्हाळा आलेलाच नाही.

उन्हाळ्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नागपुरात घर परवडतं की नाही हे मे महिना ठरवतो. 45 अंश इथे बातमी होत नाही. 2013 च्या मे महिन्यात 47.9 पर्यंत पारा गेला होता. शेवटच्या माळ्याची स्लॅब दिवसभर तापते आणि मध्यरात्र उलटली तरी खाली उष्णता सोडत राहते. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आता वहिनींची नाइट ड्युटी डोळ्यांसमोर आणा. सकाळी आठला घरी येणार, मुलीचं आवरणार आणि झोपायला मिळणार ते दुपारी बारा ते पाच. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, स्लॅबखाली, नेमक्या त्याच वेळी. झोप झाली नाही तर रात्री पुन्हा वॉर्डात उभं राहायचं आहे. तिथे मग कूलर पुरत नाही आणि एसी घ्यावा लागतो. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट ओढतो. आठ तास चालला तर रोजचे बारा, महिन्याचे साडेतीनशेच्या वर युनिट, आणि हे फक्त एसीचे. कूलर बारा तास चालला तरी महिन्याला सत्तर-पंच्याहत्तर युनिटांत भागतं. महावितरणचे दर टप्प्यांनी चढतात: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्याच्या वर आणखी चढा. एसीवाल्या घराचे वरचे सगळे युनिट महागड्या टप्प्यात जातात.

म्हणून नागपुरात घर बघायचं ते दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. संध्याकाळी सहा वाजता सगळीच घरं हवेशीर वाटतात. पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीला आहे ते बघा. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारला आहे का, ते विचारा. मारला नसेल तर किराया घासाघीस करून पाचशेनं कमी करण्यापेक्षा मालकाकडून तो रंग मारून घ्या, तुमचा फायदा जास्त होईल. हिवाळ्यात घर बघत असाल तर शेजाऱ्यांना विचारा की मे महिन्यात रात्री कुठे झोपता. गच्चीवर झोपतो म्हणाले तर समजून घ्या.

कूलरची खिडकी हा तर वेगळाच विषय आहे. बाहेरून येणारे याकडे कधीच बघत नाहीत. डेझर्ट कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसतो, त्याचं तोंड आत हवं, पाठ मोकळ्या हवेत हवी आणि खोलीतली हवा दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायला वाट हवी. नव्या अपार्टमेंटच्या सरकत्या काचांच्या खिडक्यांत तो बसत नाही. चौथ्या माळ्यावर बाहेर स्टँड लावायला कितीतरी ठिकाणी परवानगीच देत नाहीत. घरात ठेवला तर नुसती दमट हवा फिरते. जुन्या घरांमध्ये मालकानं स्वतःसाठी म्हणून कूलरची खिडकी केलेली असते, ग्रिलचा तेवढा भाग उघडतो, बाजूला नळाची तोटी असते. असं घर दिसलं की मी ते लगेच वहीत वरच्या ओळीत लिहिते. आणि कूलर पाणी पितो, दिवसभर चालला तर सहज शंभर लिटरच्या वर. म्हणजे ज्या घराला मे महिन्यात पाण्याची ओढ, तिथे कूलरही नाही.

पाण्याचं नागपुरात सरळ विभाजन आहे. महापालिकेच्या हद्दीत पेंच, कन्हान आणि गोरेवाड्याचं पाणी नळाला येतं, पुरवठा ऑरेंज सिटी वॉटर बघते. सगळीकडे दाब सारखा नाही, पण नळ आहे आणि बिल वाजवी आहे. बेसा-बेलतरोडी-घोगली हा पट्टा महापालिकेच्या हद्दीबाहेर वाढला. बेसा-पिपळ्याला आता नगरपंचायत आहे, पण कितीतरी इमारती बोअरवर उभ्या आहेत आणि उन्हाळ्यात बोअर खाली गेली की टँकर. टँकरचा खर्च कोणाच्या माथी, हे किरायाच्या बोलणीत कोणी काढत नाही. एप्रिलमध्ये तो सगळ्या फ्लॅटवर वाटला जातो. बोअरचं पाणी खारं आहे का हे बघायला मशीन लागत नाही. बाथरूममधल्या तोट्या, शॉवरची जाळी आणि बादलीचा तळ बघा. पांढरा थर चढलेला असेल तर गीझरची कॉइल आणि कपडे दोन्ही लवकर जाणार. गल्लीत आरओच्या कॅन टाकणाऱ्या पोराला विचारा. कोणत्या इमारतीत किती कॅन जातात हे त्याला पाठ असतं आणि त्याला खोटं बोलायचं कारण नसतं.

बेसा वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी दोघंही वर्धा रोडकडे नोकरीला आहेत, नळाची सोय झालेली इमारत आहे, दुसरा-तिसरा माळा आहे, त्याला बेसा-मनीषनगरसारखी जागा नाही. तुमच्या घरातलं एक माणूस पाळ्यांची नोकरी करतं, हे तुमच्या निवडीत सर्वांत जड आहे. माझा नेहमीचा सल्ला असा असतो की नाइट ड्युटी ज्याची, घर त्याच्या कामाजवळ. दिवसा जाणाऱ्याला मेट्रो आहे, कंपनीची बस आहे. अजनी चौकातून खापरीपर्यंत मेट्रोनं जाता येतं, तिथून पुढे मिहानला कंपनीची गाडी किंवा ऑटो. रात्री अकराला पाळी संपवून निघणाऱ्या बाईला मेट्रो मिळत नाही. आठ किलोमीटर अंधाऱ्या रस्त्यानं एकटीनं स्कूटर चालवायची की दोन किलोमीटर दुकानं-दवाखाने असलेल्या रस्त्यानं, यात पैशांचा हिशेब करायचाही नसतो.

आता शोधायचं कसं. मोबाईलवरच्या ॲपवर तुम्हाला 16-18 हजारांची घरं दिसतात असं तुम्ही लिहिलं आहे. दिसणारच. ॲपवर येतात ते अपार्टमेंटमधले फ्लॅट, ज्यांचे मालक पुण्यात किंवा परदेशात आहेत आणि ज्यांना बाजारभाव हवा आहे. नागपुरातली स्वस्त घरं तिथे नसतात. या शहरात नागपूर सुधार प्रन्यास या नगरविकास संस्थेच्या आणि जुन्या सोसायट्यांच्या लेआउटमध्ये लोकांनी हजार-पंधराशे फुटांच्या प्लॉटवर स्वतःची घरं बांधली. आधी खालचा माळा, मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा, जमलं तर त्यावर आणखी एक. पुढे मुलगा नोकरीला बाहेर गेला. वरचा माळा रिकामा. काका रिटायर झालेले, काकूंना सोबत हवी. त्यांना किरायाचे दोन हजार जास्त मिळण्यापेक्षा रात्री-अपरात्री हाक मारली तर ओ देणारी माणसं हवी असतात. ही घरं फाटकावर लावलेल्या पाटीवरच सापडतात: ‘किरायानं देणे आहे, फक्त फॅमिली’. बाजारभावापेक्षा हजार-दोन हजार कमी असतात आणि दर वर्षी किराया वाढवायचा तगादाही कमी असतो. तुमच्या घरी नर्स आहे, आई आहे, लहान मूल आहे. अशा मालकांना हवं तसंच कुटुंब आहे. बोलताना वहिनींना आणि आईंना सोबत न्या. फोनवर किराया विचारून सौदा करू नका, आधी जाऊन बसा, पाणी प्या, मग विचारा.

त्यासाठी पायी फिरावं लागतं. रविवारी सकाळी एक भाग घ्या आणि आतल्या गल्ल्या फिरा. मुख्य रस्त्यावर पाट्या कमी असतात. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला आणि पिठाची गिरणी, या तिघांना सांगून ठेवा, नंबर द्या. पाटी लागण्याआधी घर रिकामं होणार हे त्यांना कळलेलं असतं. तुमच्यासाठी माझी यादी अशी: हनुमाननगर, चंदननगर, रघुजीनगर, तुकडोजी पुतळा ते मानेवाडा चौक या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या, उदयनगर, रामेश्वरी, पार्वतीनगर, ओंकारनगर. अयोध्यानगर आणि म्हाळगीनगरही चालेल. धरमपेठ, रामदासपेठ, शिवाजीनगरला या पैशांत चौघांचं घर मिळणार नाही, तिथे रविवार घालवू नका. दुसरं कोणी हे वाचत असेल आणि नोकरी हिंगणा एमआयडीसीत असेल तर जयताळा, वासुदेवनगर, लोकमान्यनगर बघा, मेट्रोही आहे. उत्तरेला झिंगाबाई टाकळी, गोधनी. पूर्वेला पारडीकडे प्रजापतीनगरपर्यंत मेट्रो गेल्यापासून वाठोडा-खरबीतून सीताबर्डीला येणं सोपं झालं आहे, आणि पूर्व नागपूर अजून किफायती आहे.

एजंट घ्यायचा का? मी स्वतः तेच काम करते, तरी सांगते: वेळ असेल तर नको, आठ दिवसांत घर हवं असेल तर घ्या. दलाली पंधरा दिवसांच्या किरायापासून एक महिन्याच्या किरायापर्यंत असते, ती घर दाखवण्याआधी ठरवायची आणि करार झाल्यावरच द्यायची. नुसतं घर दाखवायचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. ऑनलाइन एक फसवणूक सतत चालू आहे: घराचे सुंदर फोटो, किराया फारच कमी, मालक सैन्यात असल्याचं सांगतो, बदली झाली म्हणतो, गेटपाससाठी दोन-तीन हजार आधी पाठवा म्हणतो, ते घर बघायला गेलं की परत मिळतील म्हणतो. कॅन्टोन्मेंटचा पत्ता देतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. घराचं कुलूप उघडून आत उभं राहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. फाटकावर गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘पूर्ण नाव काय?’ आडनाव ऐकून चेहरा बदलतो, मग ‘आत्ताच एकांना हो म्हटलं’ असं उत्तर येतं. दुसऱ्या दिवशी पाटी तिथेच असते. दीक्षाभूमीच्या शहरात हे आजही होतं, मुस्लिम कुटुंबांना तर फोनवरच नकार मिळतो, आणि याचा मला मनापासून संताप आहे. नाव विचारून घर नाकारणारा मालक मी यादीत ठेवत नाही, त्याचा किराया कितीही असो. तुमच्या वाट्याला असं आलं तर त्यात तुमची काही कमी नाही, आणि तिथे थांबून विनवणीही करू नका; ज्या दाराशी अशी सुरुवात झाली तिथे पुढचं वर्षही तसंच जातं. खाण्याचं मात्र आधी मोकळं सांगा. मटण-मासे घरात होणार असतील तर लपवून राहू नका. सहाव्या महिन्यात घर सोडावं लागलं तर सामान हलवायचा खर्च, नवी दलाली आणि मुलीची शाळा, सगळं तुमच्या अंगावर येतं.

घर पसंत पडलं की मीटर. वरच्या माळ्याला महावितरणचं वेगळं मीटर आहे की मालकाच्या मीटरवर सबमीटर? सबमीटर असेल तर दोन कुटुंबांचे युनिट एकाच बिलात येतात. समजा तुम्ही दीडशे वापरले आणि मालकांनी दीडशे. वेगळी मीटरं असती तर दोघांचेही पहिले शंभर युनिट स्वस्त टप्प्यात गेले असते. एकाच मीटरवर तीनशे पडले की स्वस्त टप्पा एकदाच मिळतो. त्यावर काही मालक सरसकट युनिटमागे एक दर लावतात. तो दर किती, हे आधी विचारा आणि करारात लिहून घ्या. वेगळं मीटर असेल तर मागचं एक बिल मागा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, मे महिन्याचा आकडा तिथेच दिसतो. थकबाकी आहे का तेही कळतं. मीटर घरगुती आहे की व्यावसायिक, हेही वाचा. खाली कधीकाळी दुकान होतं अशा घरांत व्यावसायिक मीटर तसंच राहिलेलं असतं आणि त्याचा दर फार जास्त असतो.

तळमजला मिळत असेल तर पुराचं विचारा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोकांचे फ्रिज-गाद्या पाण्यावर तरंगल्या. अंबाझरी लेआउटसारख्या चांगल्या वस्तीतही घरं बुडाली. म्हणून नाल्याकाठचा तळमजला कितीही स्वस्त असला तरी भिंतीवर ओलीची आडवी रेघ आहे का ते बघा आणि समोरच्या दुकानदाराला त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. नुकताच रंग मारलेली खालची तीन फूट भिंत दिसली तर जास्तच विचारा.

डिपॉझिट नागपुरात एक-दोन महिन्यांचं चालतं, कोणी तीन मागतं. मुंबई-बंगळुरूसारखं सहा महिन्यांचं कोणी मागितलं तर देऊ नका. केंद्राच्या 2021 च्या किरायेदारीच्या आदर्श (नमुना) कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे हे लोक सांगतात, पण तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर भांडू नका, बोलून ठरवा. घर सोडताना डिपॉझिटमधून पुताईचे, म्हणजे रंगकामाचे पैसे कापायची पद्धत आहे. किती कापणार, हे करारातच आकड्यात लिहा. ‘योग्य ती रक्कम’ असं लिहिलेलं मी कधीच ठेवू देत नाही.

करारावर मी सर्वांत हट्टी आहे. तुम्हाला सांगतील, ‘अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्ट्रेशन लागत नाही, नोटरी करून टाकू.’ महाराष्ट्रात हे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाद झाला तर अटींबद्दल किरायेदाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक दुसरं सिद्ध करत नाही. पण याच कायद्यानं मालकालाही संरक्षण दिलं आहे: लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याच्या कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम 24 प्रमाणे दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतात आणि घर परत मिळवायची वेगळी प्रक्रिया आहे. काकांना हे समजावून सांगा. ‘किरायेदार घर बळकावेल’ ही भीती नोंदणीकृत करारानंच कमी होते.

खर्चाची भीती घालतात, तो खर्च बघा. 11,500 किराया, 23,000 डिपॉझिट, अकरा महिने. एकूण किराया 1,26,500. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते 2,100 च्या आसपास. या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. शहरी भागात नोंदणी फी 1,000, ऑनलाइन दस्ताचे 300. करून देणाऱ्याची फी वेगळी. नोटरीला 500 चा स्टॅम्प आणि नोटरीचे पैसे धरले तर फरक किरकोळ उरतो. आता दुय्यम निबंधक कार्यालयात रांगेत उभंही राहावं लागत नाही, आधार आणि अंगठ्याच्या मशीनवर घरी बसून होतं. वयस्कर मालकांसाठी मी मशीन घेऊन त्यांच्याकडेच जाते. हाच कागद तुम्हाला गॅस, बँक, पासपोर्टला लागतो. मुलीसाठी आरटीईचा, म्हणजे खाजगी शाळेतल्या मोफत प्रवेशाचा अर्ज भरायचा झाला तर पत्त्यासाठी नोंदणीकृतच करार लागतो, नोटरीचा चालत नाही. घरभाड्याची सूट जुन्या करप्रणालीत घेणार असाल तर वर्षाचा किराया लाखाच्या वर जातो म्हणून मालकांचा पॅन लागेल, ते आधीच बोलून ठेवा. पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहिती देण्याचा फॉर्मही मालकांकडून त्याच आठवड्यात भरून घ्या.

करारात मी दोन्ही बाजूंची एक महिन्याची सूचना लिहिते आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता न येण्याची अट, टाळते. नोकरी नवी आहे तुमची, बदली-बदल काही होऊ शकतं. वार्षिक वाढ किती टक्के, तेही लिहा. मोटर बिघडली, टाकी फुटली तर खर्च मालकाचा; नळाची वॉशर, बल्ब तुमचे. एवढं स्पष्ट असलं की वर्षभर कोणी कोणाशी कडवट बोलत नाही.

वेळेचं म्हणाल तर जून-जुलैत कॉलेजं सुरू होतात, तेव्हा किराया चढतो आणि मालक ऐकत नाहीत. पितृपक्षात लोक घर बदलत नाहीत, तेव्हा रिकामं घर घेऊन बसलेला मालक पाचशे-हजार सहज सोडतो. दिवाळीनंतरही बरं असतं. रुजू होण्याची तारीख जवळ असेल तर भाऊ, पहिला महिना तुम्ही एकटे या, पेइंग गेस्ट राहा, दोन-तीन रविवार फिरा आणि मग कुटुंब आणा. घाईत घेतलेलं घर वर्षाच्या आत बदलावं लागतं, हे मी फार वेळा बघितलं आहे.

तर तुकडोजी पुतळ्याचं घर घ्या, पण हो म्हणायच्या आधी काकांशी तीन गोष्टी बोला. एक, नाइट ड्युटीसाठी फाटकाची एक किल्ली तुमच्याकडे राहील का आणि जिना बाहेरून आहे का. दोन, मीटर वेगळं आहे का. तीन, झोपायच्या खोलीला कूलरची खिडकी आहे का आणि वर गच्ची आहे तर तिला रंग मारून देतील का. कारण वरचा माळा म्हणजे तिथेही स्लॅब आहे, फक्त मालक जवळ आहेत आणि कूलर लावू देतील. किल्लीला काका नाही म्हणाले, ‘दहानंतर फाटक बंद’ म्हणाले, तर त्यांचंही चुकत नाही, पण ते घर वहिनींचं नाही. मग हनुमाननगर आणि रघुजीनगरच्या गल्ल्यांपासून सुरू करा, मेडिकल तिथून आणखी जवळ आहे. आणि जिथे कुठे घ्याल तिथे सामान उतरवण्याआधी मीटरचं रीडिंग, भिंती, नळ आणि दारांचे फोटो काढून मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.